विश्लेषण : स्पोर्ट्स कारची दुरुस्ती घरच्या घरी, वाळूजचे हात तयार, मग गाडी अडते कुठे?

ऑक्टोबर २०२५मध्ये स्कोडाने ‘ऑक्टाव्हिया आरएस’ भारतात पुन्हा आणली. २६५ पीएस ताकद, ४९ लाख ९९ हजार रुपये एक्स-शोरूम किंमत आणि अख्ख्या देशासाठी फक्त १०० गाड्या. त्या हातोहात गेल्या. छत्रपती संभाजीनगरात या बातमीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहायला हवे. शहराच्या पूर्वेला शेंद्रा एमआयडीसीत स्कोडाने २००१मध्ये कारखाना सुरू केला तो ऑक्टाव्हियाच्या जुळणीसाठीच. २००४मध्ये भारतीय रस्त्यांवर आलेली पहिली आरएस ही त्याच ऑक्टाव्हियाची तेज बहीण. नवी आरएस मात्र पूर्ण तयार होऊन परदेशातून आली.

शहराच्या पश्चिमेला वाळूज आहे. १९८५मध्ये बजाज ऑटोचा कारखाना तिथे सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुट्या भागांच्या कारखान्यांचे जाळे विणले गेले. एन्ड्युरन्स, व्हॅरॉक यांसारख्या कंपन्या याच मातीत वाढल्या. ॲल्युमिनियमचे ओतकाम, शॉकॲब्सॉर्बर, डिस्क ब्रेक, क्लच या वस्तू इथल्या कामगारांसाठी रोजच्या शिफ्टचा भाग आहेत. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून माल नाकारला जातो, हे इथे नव्याने लागलेल्या ट्रेनीलाही पहिल्या आठवड्यात कळते.

अशा गावात कुणी सेकंडहँड वेगवान गाडी घेतली आणि ती स्वतःच सांभाळायची ठरवली, तर त्याला अडचण कसली यावी? अडचण येते, आणि ती हाताच्या कौशल्याची नसते. गाडी उघडता येते. उघडल्यावर काय करायचे हे सांगणारे कागद मिळत नाहीत. नव्या गाड्यांत तर उघडण्याचीही परवानगी मागावी लागते.

मुळात हा प्रश्न इथलाच का?

ऑक्टोबर २०१०मध्ये तेव्हाच्या औरंगाबादमधील उद्योजक, डॉक्टर आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन दीडशेवर मर्सिडीज गाड्या एकदम खरेदी केल्या होत्या. सुमारे ६५ कोटी रुपयांच्या त्या सौद्याची चर्चा देशभर झाली. फोटो छापून आले, शहराच्या ‘श्रीमंती’वर लेख लिहिले गेले. पुढचा भाग कुणी लिहिला नाही. त्या गाड्यांना आता पंधरा वर्षे होऊन गेली. अशा गाड्या पहिल्या मालकाकडे क्वचितच राहतात. दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडे जातात.

जुन्या जर्मन गाडीचे गणित विचित्र असते. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, सुट्या भागांची किंमत उतरत नाही. चाळीस लाखांची गाडी पंधरा वर्षांनी छोट्या हॅचबॅकच्या भावात मिळते, पण तिचे ब्रेक, सस्पेन्शन आणि गिअरबॉक्स चाळीस लाखांच्या गाडीचेच राहतात. त्यात पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण आले. ते पाच वर्षांसाठी होते आणि त्यासाठी गाडी फिटनेस तपासणीत उतरावी लागते. १ एप्रिल २०२२पासून या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले.

म्हणजे ज्याला नवी घेणे परवडत नाही तोच अशी गाडी घेतो, आणि अधिकृत वर्कशॉपचे बिलही त्यालाच परवडत नाही. स्वतः पाना हातात घेणे हा बहुतेकांसाठी छंदाच्या आधी हिशेबाचा भाग असतो.

‘स्पोर्ट्स कार’ या शब्दाबद्दलही थोडे. काटेकोर अर्थाने ती दोन आसनांची, जमिनीलगतची गाडी. गोव्यात सॅन मोटर्सने गेल्या शतकाच्या अखेरीस बनवलेली फायबरच्या बॉडीची ‘सॅन स्टॉर्म’ त्या व्याख्येत चपखल बसते. ऑक्टाव्हिया आरएस ही चार दारांची कुटुंबाची गाडी. फक्त इंजिन आणि सस्पेन्शन तापट. पण पहिल्या पिढीच्या ऑक्टाव्हियाचा सांगाडा आणि १.८ लिटर टर्बो इंजिनाचे कुळ हे दोन्ही ऑडीच्या ‘टीटी’ या अस्सल दोन दारी स्पोर्ट्स कारचेही आहे. त्यामुळे इथे दोघींनाही एकाच पंगतीला बसवायला हरकत नाही.

घरी नेमके काय करता येते?

समजा टर्बो गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ओढत नाही आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर लावला की मोबाइलवर एक कोड दिसतो : पी०२९९. अर्थ असा की, टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे. हा कोड पाहून घाबरलेला मालक टर्बो बदलायला निघतो. बऱ्याच ठिकाणी त्याला टर्बोचेच कोटेशन मिळते.

पण कोड रोगाचे नाव सांगत नाही, लक्षण सांगतो. टर्बोपासून इंजिनापर्यंत हवा नेणाऱ्या रबरी नळ्या, त्यांचे क्लॅम्प, आणि १.८ टर्बोसारख्या इंजिनात ‘डायव्हर्टर व्हॉल्व्ह’ नावाची लहानशी वस्तू, यांपैकी कुठूनही दाब गळू शकतो. या व्हॉल्व्हमधला रबरी पडदा फाटणे हा तर त्या इंजिनाचा नेहमीचा आजार. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बॉनेटखालचे रबर आणि प्लॅस्टिक लवकर कडक होते, तडकते. म्हणून आधी नळ्या हाताने दाबून पाहायच्या, क्लॅम्प तपासायचे, सांध्यांवर तेलाचा ओशट डाग दिसतो का ते बघायचे. टर्बोला हात लावायची वेळ सगळ्यात शेवटी. एक रविवार सकाळ आणि एक स्क्रू-ड्रायव्हर इतक्यात हे होते.

दुसरे उदाहरण त्याहून सोपे. इंजिन अडखळते आणि स्कॅनर पी०३०२ दाखवतो, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. दोष इग्निशन कॉइलचा, स्पार्क प्लगचा की इंजेक्टरचा? दुसऱ्या सिलिंडरवरची कॉइल काढून तिसऱ्यावर लावायची, तिसऱ्याची दुसऱ्यावर. कोड पुसायचा आणि गाडी फिरवून आणायची. नवा कोड पी०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर तिकडे गेला, कॉइल बदलायची. पी०३०२च राहिला तर कॉइल निर्दोष, आता प्लगची अदलाबदल. एक रुपया खर्च न करता निदान झाले. वाळूजच्या कोणत्याही मेंटेनन्स विभागात मशीन बंद पडल्यावर फिटर नेमके हेच करतो. एका मशीनचे कार्ड दुसऱ्यात घालून पाहतो.

याशिवाय इंजिन ऑइल आणि फिल्टर, एअर फिल्टर, केबिन फिल्टर, वायपर, बॅटरीचे टर्मिनल, स्पार्क प्लग ही कामे ज्याला पाना सरळ धरता येतो त्याने करण्यासारखी आहेत. कूलंट बदलणेही, फक्त इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. गरम इंजिनाच्या कूलंट टाकीचे झाकण उघडणे म्हणजे कुकरची शिटी न काढता झाकण ओढणे.

एक काम मात्र लोक हमखास विसरतात : ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषते. ‘डॉट ४’ प्रतीचे ताजे ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही; ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. सपाट रस्त्यावर फरक कळत नाही. कन्नडचा औट्रम घाट जोरात उतरताना ब्रेक तापतात, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल स्पंजासारखे आत जाते. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ते बदलायचे असते, गाडी किती का कमी धावलेली असेना.

पाना सगळ्यांकडे असतो, मग फसते काय?

फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत अनेक ठिकाणी बारा टोकांच्या खोबणीचे बोल्ट असतात. त्यांना ‘ट्रिपल स्क्वेअर’ म्हणतात. वरवर पाहता ते टॉर्क्ससारखे दिसतात. घाईत टॉर्क्सचा बिट घातला तर तो बसल्यासारखा वाटतो, जोर लावल्यावर मात्र बोल्टचे तोंड घासून जाते. मग ड्रिल, मग वेल्डिंग करून बाहेर काढणे, मग शिव्या. योग्य बिटचा संच आधी घेतला असता तर हे सगळे वाचले असते.

दुसरी गोष्ट आवळण्याची. ऑक्टाव्हियाच्या चाकाचे बोल्ट १२० न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. पाना पायाने दाबून ‘झाले घट्ट’ म्हणणाऱ्याच्या हातून ते २०० होऊ शकतात, ८०ही होऊ शकतात. जास्त झाले तर आटे जातात, कमी झाले तर चाक सैल होते. इंजिनातले काही बोल्ट तर आधी ठरावीक टॉर्क आणि नंतर ठरावीक अंश फिरवून आवळायचे असतात, म्हणजे ४० न्यूटन-मीटर आणि पुढे ९० अंश अशा धर्तीवर. असे बोल्ट आवळताना मुद्दाम ताणले जातात; एकदा काढले की पुन्हा वापरायचे नसतात. कोणता बोल्ट त्या जातीचा हे पाहून कळत नाही. ते कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये लिहिलेले असते.

गंमत पाहा. वाळूजच्या असेंब्ली लाइनवर काम करणाऱ्या तरुणाला टॉर्क रेंचचा ‘कट्’ आवाज झोपेतही ओळखू येतो. लाइनवर त्याच्यासमोर प्रत्येक बोल्टचा आकडा लिहिलेला असतो. घरी स्वतःच्या गाडीसमोर उभा राहिला की तोच तरुण आकड्यासाठी यूट्यूबवर एखाद्या पोलिश किंवा अमेरिकी माणसाचा व्हिडीओ शोधतो.

सुटे भाग कुठून आणायचे?

फोक्सवॅगन समूहाच्या भाग क्रमांकांत एक तर्क दडलेला आहे, तो शिकला की बरेच पैसे वाचतात. क्रमांकाची पहिली तीन अक्षरे तो भाग मूळ कोणत्या गाडीसाठी किंवा इंजिनासाठी घडवला ते सांगतात. ‘१यू’ म्हणजे पहिली ऑक्टाव्हिया, ‘१जे’ म्हणजे चौथ्या पिढीची गोल्फ, ‘८एन’ म्हणजे पहिली ऑडी टीटी, ‘०६ए’ म्हणजे १.८ टर्बोचे इंजिनकुळ. मधल्या तीन आकड्यांतला पहिला आकडा विभाग सांगतो. १ इंजिन, ३ गिअरबॉक्स, ४ पुढचा आस, ६ चाके व ब्रेक, ८ बॉडी, ९ विजेचे काम.

याचा उपयोग काय? ऑडीच्या काउंटरवर महाग वाटणाऱ्या भागावर ‘१जे’ किंवा ‘०६ए’ लिहिलेले असेल तर तोच भाग समूहातल्या साध्या गाडीलाही लागतो. मग तो स्कोडाच्या काउंटरवर मागायचा, किंवा तो भाग मुळात बनवणाऱ्या पुरवठादार कंपनीच्या डब्यात घ्यायचा. डब्यावरचे चार कड्यांचे चिन्ह गेले की किंमतही खाली येते.

कंपनीच निघून गेली तर काय होते, त्याचे उदाहरण याच रस्त्यावर पुढे आहे. वाळूजहून पुण्याकडे निघाले की रांजणगाव गणपती लागते. वाळूजमधल्या रांजणगाव शेणपुंजीशी याचा संबंध नाही; गुगल मॅपवर अनेकांची फसगत होते ती वेगळी. तिथल्या फियाटच्या कारखान्यात ‘अबार्थ पुंटो’ तयार होत असे. ऑक्टोबर २०१५मध्ये ती साधारण दहा लाखांत, १४५ अश्वशक्तीसह बाजारात आली. सामान्य माणसाच्या आवाक्यातली खरीखुरी तापट गाडी म्हणून तिचे कौतुक झाले. २०१९मध्ये पुंटोचे उत्पादनच थांबले. आज अबार्थ बाळगणाऱ्याला स्वतः शिकल्यावाचून फारसा पर्याय राहत नाही. भाग कुठल्या गाडीचा चालतो, युरोपातून काय मागवायचे, काय भंगारातून काढायचे, हे ज्ञान अशा गाडीच्या मालकाला जमवावेच लागते.

वाळूजमध्ये भाग बनवूनच घेतला तर?

हा मोह इथे सगळ्यांना होतो आणि तो समजण्यासारखा आहे. शेजारचा व्हीएमसी चालवतो, मेहुण्याचे टर्निंगचे जॉबवर्क आहे, चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे. नमुना द्या, संध्याकाळी घेऊन जा.

काही बाबतीत हे उत्तम चालते. ब्रॅकेट, स्पेसर, बुश, झिजलेल्या प्लॅस्टिकच्या क्लिपऐवजी नायलॉनचा तुकडा, खास ओढणी किंवा पुलर. १.८ टर्बोच्या काही वॉटर पंपांत प्लॅस्टिकचा पंखा असे आणि तो शाफ्टवर सैल पडून इंजिन तापायचे. बाजाराने त्यावर धातूच्या पंख्याचे पंप आणले. सुधारणा कंपनीबाहेरही होऊ शकते याचा हा चांगला पुरावा.

पण मापे जुळली म्हणजे भाग जुळला असे नाही. ब्रेकच्या कॅलिपरचा बोल्ट घ्या. त्याच्या डोक्यावर १०.९ लिहिलेले असेल तर त्याचे ताणबल साधारण १,००० मेगापास्कल आणि त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत तो कायमचा ताणला जात नाही. ८.८ लिहिलेला बोल्ट त्याच लांबी-जाडीचा आणि त्याच आट्यांचा असतो, पण ताकद ८०० मेगापास्कल. हार्डवेअरच्या दुकानात तो सहज मिळतो, लागतोही बरोबर. व्हर्निअरने मोजून फरक कळणार नाही. पोलाद कोणते, उष्णता-प्रक्रिया कोणती, पृष्ठभाग किती कठीण, हे ड्रॉइंगवर असते आणि ड्रॉइंग मालकाकडे नसते. त्यामुळे स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शनचे सांधे यांत जॉबवर्कचा भाग लावणाऱ्याला हुशार म्हणता येणार नाही, मग तो कितीही मोठ्या कारखान्यात कामाला असो.

कायदा मालकाच्या बाजूने आहे की कंपनीच्या?

कागदावर बऱ्यापैकी मालकाच्या बाजूने. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी ६५ लाख रुपयांचा दंड ठोठावला. यात टाटा मोटर्स, मारुती, महिंद्र, टोयोटा, होंडा, मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, फोक्सवॅगन, स्कोडा असे जवळजवळ सगळे होते. ठपका असा की, या कंपन्या सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची उपकरणे फक्त स्वतःच्या अधिकृत जाळ्यात ठेवतात आणि स्वतंत्र गॅरेजला ती मिळू देत नाहीत.

आयोगाच्या आदेशात मालकासाठी सर्वांत कामाची गोष्ट वॉरंटीविषयी होती. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम करून घेतले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. त्या कामामुळे जे बिघडले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. ‘बाहेर बॉनेट उघडले तर वॉरंटी गेली’ हे वाक्य काउंटरवर अजूनही सर्रास ऐकवले जाते, म्हणून हे लक्षात ठेवलेले बरे.

पुढे अपिले आणि याचिका झाल्या. डिसेंबर २०१६मध्ये तेव्हाच्या स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने टोयोटा, फोर्ड आणि निसान या तीन कंपन्यांवरचा ठपका कायम ठेवला, पण दंड सुट्या भागांच्या उलाढालीच्या दोन टक्क्यांवर आणला. आकडा मोठा, बातमी मोठी आणि गॅरेजमध्ये बदल जवळजवळ शून्य, असा हा प्रवास आहे.

दुरुस्ती आणि फेरबदल यांत कायदा फरक करतो, हे मात्र विसरू नये. जुना भाग काढून तसाच नवा लावणे ही दुरुस्ती. कंपनीने दिलेल्या रचनेपेक्षा वेगळे काही करणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२खाली फेरबदल. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरबदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. कर्णकर्कश सायलेन्सर लावून मध्यरात्री जालना रोडवर आवाज काढणाऱ्यांचा आणि स्वतः ब्रेक पॅड बदलणाऱ्याचा एकमेकांशी संबंध नाही. दोघांना ‘गाड्यांचे वेड’ या एकाच खात्यात टाकण्याची सवय पोलिसांनी आणि शेजाऱ्यांनीही सोडायला हवी.

नव्या गाडीतले कुलूप कसले?

इथे खरा प्रश्न सुरू होतो. २००४ची आरएस पाना आणि धीर यांच्या जोरावर बऱ्याच अंशी उघडता येते. २०२५ची आरएस ज्या पिढीची आहे त्या पिढीपासून फोक्सवॅगन समूहाने ‘एसएफडी’ नावाचे संरक्षण आणले. कोड वाचता येतात. पण संरक्षित नियंत्रकातली सेटिंग बदलायची तर कंपनीच्या सर्व्हरकडून त्या गाडीपुरते, त्या वेळेपुरते टोकन घ्यावे लागते. ऑडीच्या गाड्यांत काही इलेक्ट्रॉनिक भाग दुसऱ्या गाडीतून काढून बसवले तर सर्व्हरने मान्यता देईपर्यंत ते नीट कामच करत नाहीत.

कंपन्यांची बाजू पोकळ नाही. गाडी इंटरनेटला जोडलेली आहे. कुणीही ब्रेकच्या संगणकात शिरू शकला तर ते धोक्याचे. चोरीच्या गाड्यांतले भाग विकणेही अशा कुलपामुळे अवघड होते. विंडशील्डमागचा कॅमेरा काच बदलल्यावर नीट जुळवला नाही तर आपोआप लागणारे ब्रेक चुकीच्या वेळी लागू शकतात. कुलूप असावे, याबद्दल वाद नाही. वाद किल्लीचा आहे, आणि पन्नास लाख मोजणाऱ्याला ती विकतही मिळू नये हे पटण्यासारखे नाही.

युरोपने यावर उत्तर काढले आहे. तिथल्या नियमांनुसार दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजलाही उपलब्ध करून देणे कंपन्यांना बंधनकारक आहे. फोक्सवॅगन समूहाची मॅन्युअल तिथे तासाच्या दराने पैसे भरून ऑनलाइन पाहता येतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२मध्ये मतदारांनीच वाहनदुरुस्तीच्या हक्काला कौल दिला आणि दोन वर्षांत कंपन्यांनी देशभरासाठी करार केला.

भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली. शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली. २४ डिसेंबर २०२२ रोजी, ग्राहक दिनाला, पोर्टल सुरू झाले. पोर्टल ही सोय आहे, सक्ती नाही. कंपनीने जेवढे ठेवले तेवढेच तिथे दिसते. मे २०२५मध्ये दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकाचा अहवाल आला, तोही मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंपासून सुरुवात करणारा. कार अजून रांगेत मागे आहे. फोनची बॅटरी बदलता येते का याचे गुण आधी आणि माणसे वाहून नेणाऱ्या यंत्राचे नंतर, हा क्रम उलटा आहे.

मागणी अवघड नाही. गाडीच्या चासिस क्रमांकावर सर्व्हिस मॅन्युअल, टॉर्कचे आकडे, वायरिंगचे नकाशे आणि मर्यादित मुदतीचे टोकन, ओळख पटवून आणि वाजवी शुल्क घेऊन, मालकाला मिळावे. आरसी बुक त्याच्या नावावर आहे; ओळख पटवणे कंपनीला जड जाऊ नये.

मालकाने कुठे थांबायचे?

माहिती मिळाली तरी काही कामे बजाजनगरच्या रो-हाऊससमोर करायची नाहीत. एअरबॅग आणि सीटबेल्टचे ताणक यांत स्फोटक असते. त्यांची जोडणी बहुधा पिवळ्या वेष्टनात असते, तिला हात लावायचा नाही. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतली केशरी वायर म्हणजे शेकडो व्होल्ट. १.८ टर्बोचा टायमिंग बेल्ट बदलताना एक दाता जरी चुकला किंवा बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात. ते काम जाणकाराच्या हाताखाली दोनदा केल्याशिवाय एकट्याने अंगावर घेण्यासारखे नाही.

आणि जॅक. डिकीतला स्क्रू-जॅक हा फक्त चाक बदलण्यासाठी असतो. गाडीखाली शिरायचे असेल तर सपाट, कडक जमीन, उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे आणि गाडीच्या ठरलेल्या बिंदूंखाली दोन्ही बाजूंना घोड्या. विटांचे थर चालत नाहीत. भार आला की वीट न सांगता फुटते. कारखान्यात क्रेनखाली उभे राहू नका ही पाटी वाचून हसणारा माणूस रविवारी दीड टनाच्या गाडीखाली एका जॅकच्या भरवशावर पाठ टेकतो. इथे मॅन्युअल, कायदा किंवा कंपनी यांपैकी कुणालाही दोष देता येत नाही.

राहता राहिले काढलेले चार-पाच लिटर काळे ऑइल. कायद्याने तो घातक कचरा आहे आणि १ एप्रिल २०२४पासून वापरलेल्या ऑइलच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे. घरी काम करणाऱ्याने ते जुन्याच डब्यात भरून, जिथून ऑइल घेतले त्या दुकानात किंवा ऑइल गोळा करून अधिकृत प्रक्रियेला पाठवणाऱ्या गॅरेजमध्ये द्यायचे. गटारात ओतले तर ते नाल्यातून खाम नदीत जाते. खाम पुढे नाथसागराला मिळते, आणि शहराच्या नळाला पाणी तिथूनच येते.